'कोडा' गाळ आहे का, आणि त्यात मुंबई कुठून आली?

प्रश्न थोडक्यात असा: लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडचे बाकीचे आठ अल्बम ऐकून झालेत. 'कोडा' मात्र सगळे गाळ म्हणतात, ड्रमर गेल्यावर करार पुरा करायला काढलेला. तो घ्यावा का? आणि त्यात मुंबईत रेकॉर्ड झालेलं काही आहे हे खरं का?

मुंबईचं खरं आहे. पण १९८२ साली निघालेल्या 'कोडा'त ते सापडणार नाही, २०१५ च्या वाढीव आवृत्तीत आहे. एकाच नावाचे हे दोन अल्बम समजा. गाळ म्हणणाऱ्यांचं म्हणणं पहिल्याला बऱ्यापैकी लागू पडतं, दुसऱ्याला नाही. असं का, ते जरा फुरसतीने सांगतो. तीस वर्षं रेकॉर्डिंगच्या धंद्यात काढली, सुरुवात स्पूल गुंडाळण्यापासून झाली आणि आता निम्मं काम जुन्या टेपा वाचवण्याचं असतं. त्यामुळे हा विषय निघाला की मी लवकर गप्प बसत नाही.

आधी 'उरलेलं गाणं' म्हणजे काय ते बघू. लोकांना वाटतं, गाणं फसलं म्हणून बाजूला पडलं. काही वेळा तसं असतंही. पण एलपीच्या काळात गाणी बाहेर राहायची त्यात पट्टीने मोजता येईल असं एक कारण होतं. तबकडीच्या एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं सुखाने मावतात. त्यापुढे गेलात की खाचा एकमेकींना चिकटू लागतात, मग आवाजाची पातळी उतरवावी लागते आणि सगळ्यात आधी मार बसतो तो बासला. रॉक बँडला हे परवडत नाही. म्हणजे पाच मिनिटांचं चांगलं गाणं हातात असूनही ते टेपवरच राहायचं, कारण तबकडीत जागा संपली. दुसरा प्रकार स्वभाव न जुळणाऱ्या गाण्यांचा, आणि तिसरा अर्धवट राहिलेल्यांचा. ताल-गिटार झालेली, शब्द लिहायचे राहिलेले, 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणून कपाटात गेलेली. अशी गाणी प्रत्येक स्टुडिओच्या कपाटात असतात.

लेड झेपेलिनची अडचण अशी की कपाट त्यांनी आधीच एकदा रिकामं केलं होतं. १९७५ चा 'फिजिकल ग्राफिटी' आठवा. हेडली ग्रेंजच्या जुन्या वास्तूत १९७४ मध्ये त्यांनी आठ नवी गाणी केली. ती एका तबकडीत मावेनात आणि दोन तबकड्यांना पुरेनात. मग बँडचा गिटारवाला जिमी पेज याने मागच्या सेशनांमधली सात गाणी काढून जोडली. 'द रोव्हर', 'डाउन बाय द सीसाइड', 'नाइट फ्लाइट' ही त्यातली. 'हाउसेस ऑफ द होली' हे गाणंसुद्धा त्यातलंच. त्याच नावाचा अल्बम १९७३ मध्ये निघाला, पण नावाचं गाणं त्यात नव्हतं! ऐकताना नवं कुठलं नि जुनं कुठलं ते सहज कळत नाही, इतकी ती मिसळून गेलीत. म्हणजे जेवणावळीत उरलेल्यातलं जे चांगलं होतं ते तेव्हाच वाढून झालं. बास आणि कीबोर्ड वाजवणाऱ्या जॉन पॉल जोन्सनेही पुढे सांगितलं आहे की बाहेर न आलेली गाणी आमच्याकडे फारशी उरलीच नव्हती. 'कोडा'कडे बघताना हे लक्षात असू द्या, कारण ही उरल्यातली उरलेली गाणी आहेत.

२५ सप्टेंबर १९८० ला ड्रमर जॉन बॉनम गेला. डिसेंबरात बाकीच्या तिघांनी जाहीर केलं की आम्ही थांबतोय. त्या बाबतीत त्यांना मानलं पाहिजे, दुसरा ड्रमर बसवून दुकान चालू ठेवलं नाही. पण एका अल्बमचं देणं बाकी होतं, आणि चोरट्या रेकॉर्डांचा बाजार जोरात होता. पेजने हे दुसरं कारण स्वतःच सांगितलंय: लोक चोरून विकतच आहेत, तर आम्हीच नीट काढू. त्याने टेपा त्याच्या मालकीच्या 'द सोल' या स्टुडिओत नेल्या आणि काम सुरू केलं. नोव्हेंबर १९८२ मध्ये 'कोडा' बाजारात आला. आठ गाणी, जेमतेम तेहेतीस मिनिटं.

आता ही गाणी घेऊ. क्रमाने नाही, मला जशी महत्त्वाची वाटतात तशी.

'वुई आर गॉना ग्रूव्ह' हे पहिलंच गाणं. मूळ बेन ई. किंगचं. १९८२ च्या वेष्टनावर ते १९६९ साली लंडनच्या मॉर्गन स्टुडिओत केलेलं म्हणून नोंदवलं होतं. ते खरं नव्हतं. ते ९ जानेवारी १९७० ला रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, भरल्या सभागृहासमोर वाजवलेलं आहे. पेजने त्यातला प्रेक्षकांचा आवाज काढला, मूळ गिटार काढली आणि बारा वर्षांनी नवी गिटार वाजवून त्या जागी बसवली. त्याच मैफलीतलं 'आय कान्ट क्विट यू बेबी'ही असंच. त्याचं डोकं आणि शेपूट कापलं, टाळ्या बंद केल्या आणि ती तालीम असल्याचं लिहिलं.

हे करतात कसं, ते सांगतो. मैफलीच्या मल्टिट्रॅक टेपवर, म्हणजे प्रत्येक आवाज वेगळ्या पट्ट्यावर नोंदवणाऱ्या टेपवर, प्रेक्षकांचे माइक बहुधा वेगळ्या ट्रॅकवर असतात. मिक्स करताना त्यांचे फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या कळा, खाली ओढले की टाळ्या गेल्या. पण सभागृह जात नाही. ड्रमवर लावलेल्या माइकांना भिंती ऐकू येतच असतात. बॉनमसारखा माणूस स्नेअर या कडक आवाजाच्या ड्रमवर काठी हाणतो तेव्हा अल्बर्ट हॉलचा तो प्रचंड घुमट परत बोलतो, आणि ते बोलणं ड्रमच्याच ट्रॅकवर उमटतं. हेडफोन लावा आणि स्नेअर थांबल्यानंतरचा क्षण ऐका. बंद खोलीत आवाज असा विरत नाही. शेजारी गिटार मात्र कोरडी, जवळची, जणू दुसऱ्याच इमारतीतली. आमच्या धंद्यात तयार झालेल्या कानाला ही फट पहिल्याच ओळीत खटकते. २००३ मध्ये त्या मैफलीचं चित्रण डीव्हीडीवर आलं आणि मूळ रूप सगळ्यांनाच पाहायला मिळालं. घामेजलेलं आणि धावतं, गिटार नि ड्रम एकाच हवेत वाजणारी. माझ्या मते 'कोडा'तल्यापेक्षा ते सरळसरळ सरस आहे.

पहिल्या 'कोडा'वर माझा खरा आक्षेप हाच आहे. गाणी उरलेली आहेत म्हणून नाही, तर ती उरलेली नाहीत असं भासवण्यासाठी इतका खटाटोप केलाय म्हणून. मैफलीला स्टुडिओ म्हणायचं, जुन्यावर नवं चढवायचं, कडा घासून गुळगुळीत करायच्या.

कुणी म्हणेल, रोलिंग स्टोन्सने आदल्याच वर्षी हेच केलं होतं. बरोबर. 'टॅटू यू' हा १९८१ चा अल्बम बहुतांश जुन्या टेपांचाच आहे. ख्रिस किम्सी या इंजिनियरने त्यांच्या जुन्या सेशनांचे ढीग उपसले. 'स्टार्ट मी अप' त्याला पॅरिसच्या टेपांमध्ये मिळालं, तिथे तेच गाणं रेगेच्या ढंगात वाजवून वाजवून त्यांनी सोडून दिलं होतं. 'वेटिंग ऑन अ फ्रेंड'चा पाया तर १९७२ मधला, जमैकाचा. त्यावर जॅगर नव्याने गायला, सॉनी रोलिन्सने सॅक्सोफोन वाजवला, आणि लोकांनी तो नवा अल्बम म्हणून डोक्यावर घेतला. पण तिथे अर्धवट गाणी पूर्ण करायला बँड जिवंत होता. इथे बॉनम त्याचं काम करून गेलेला, त्याला उत्तर देता येत नव्हतं. पेज १९८२ मध्ये गिटार वाजवतोय ती १९७० च्या बॉनमबरोबर, पण त्या वेळचा बॉनम ऐकत होता ती दुसरीच गिटार. दोघांमधला संवाद तुटलेला आहे, आणि या बँडची सगळी मजा त्या संवादातच होती.

'वॉल्टर्स वॉक'मध्येही मला असंच काहीसं जाणवतं. ताल आणि गिटार १९७२ मधले, जॅगरच्या स्टारग्रोव्हज या घरी केलेले, 'हाउसेस ऑफ द होली'च्या वेळचे. गाणं दणदणीत आहे, पण गायक रॉबर्ट प्लांटचा आवाज मला १९७२ चा वाटत नाही. त्या काळात तो वरच्या पट्टीत सुरी फिरवल्यासारखा जायचा. इथला गळा भरलेला आहे, जपून गाणारा. तो नंतर चढवला असावा असं अनेक ऐकणाऱ्यांना वाटतं, मलाही वाटतं.

ज्या गाण्यांवर कमी हात फिरला, ती चांगली आहेत. 'पूअर टॉम' माझं सगळ्यात आवडतं. १९७० मधलं, तिसऱ्या अल्बमच्या वेळचं, वेल्समधल्या त्या वीज नसलेल्या झोपडीत सुचलेलं. अकूस्टिक गिटार, हार्मोनिका, आणि खाली बॉनमची ती झुलती चाल. त्या चालीत अधलेमधले ठोके इतके हलके पडतात की सुरुवातीला ऐकूच येत नाहीत, पण काढून टाकले तर गाणं कोसळेल. आपल्याकडे ढोलकीवर चांगला हात असलेल्याला हे न सांगता कळेल.

स्टॉकहोममधली तीन गाणी पटकन उरकतो. नोव्हेंबर १९७८, आबा या बँडचा पोलर स्टुडिओ. 'ओझोन बेबी' आणि 'डार्लिन' ही चांगली, हसरी, साधी गाणी आहेत. त्या वेळी होत असलेल्या अल्बमवर जोन्सच्या कीबोर्डचं राज्य होतं, ही गिटारवाली गाणी तिथे बसली नसती. मघाशी स्वभाव न जुळणं म्हणालो ते हेच. तिसरं 'वेअरिंग अँड टेअरिंग' म्हणजे पंकवाल्या पोरांना दिलेलं उत्तर: तुम्हाला वेगच हवा ना, मग घ्या. १९७९ च्या इंग्लंडमधल्या नेबवर्थच्या मैफलींच्या सुमारास ते वेगळी तबकडी म्हणून काढायचा बेत होता, तो जमला नाही. ते मंचावर पहिल्यांदा वाजलं १९९० मध्ये, नेबवर्थलाच, प्लांटच्या कार्यक्रमात पेज आला तेव्हा. हे एक गाणं गाळ म्हणणाऱ्यांना ऐकवा.

'बॉन्झोज मॉन्त्र' हा बॉनमचा एकट्याचा ड्रमचा तुकडा. स्वित्झर्लंडमध्ये १९७६ च्या सप्टेंबरात केलेला. त्यावर पेजने इलेक्ट्रॉनिक उपकरणाने सूर चढवलेत, ड्रममधून स्टीलपॅनसारखे आवाज निघतात. हाही वरून हात फिरवल्याचाच प्रकार, पण इथे तो खटकत नाही, कारण तो लपवलेला नाही. खेळ आहे हे उघड कळतं.

एक स्वतःची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एका घरातून जुनी टेप आली. भावगीतं गाणाऱ्या एका बाईंची घरगुती बैठक, चाळीसेक वर्षांपूर्वीची. बाई हयात नव्हत्या, नातवंडांना सीडी करून वाटायची होती. टेप पावसाळ्यांनी खाल्लेली. मुंबईच्या दमट हवेत टेपेवरचा चिकट थर पाणी पितो, मग ती मशीनवर चालवली की चिरकते आणि हेडवर तपकिरी राळ सोडते. अशी टेप आधी मंद आचेवर, पन्नास-पंचावन्न अंशांवर काही तास शेकून घ्यावी लागते. सगळ्या टेपांना हे चालत नाही, घरी ओव्हनमध्ये प्रयोग करू नका. तर ती शेकली, उतरवली आणि मग उत्साहाच्या भरात मी साफसूफ केली. गाण्यांच्या मधे तबला लावणं होतं, कपबशीचा आवाज होता, बाईंचं "थांब रे, पट्टी चढलीये" होतं. सगळं कापलं आणि गाण्याला गाणं जोडून दिलं. त्यांची मुलगी सीडी ऐकून परत आली आणि म्हणाली, "छान झालंय हो, पण आई कुठे गेली?" तेव्हापासून माझ्याकडे प्रत्येक कामाची एक न कापलेली प्रत असते.

आता २०१५ कडे. पेजने स्वतः देखरेख करून २०१४ आणि १५ या दोन वर्षांत सगळे अल्बम पुन्हा काढले, प्रत्येकाबरोबर सेशनांमधलं साहित्य जोडून. ३१ जुलै २०१५ ला शेवटची खेप आली, तीत 'कोडा' होता. त्याच्या जोडीला एक नाही, दोन तबकड्या दिल्या. त्यात १९६८ मधलं 'शुगर मामा' आहे. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'चं वेगळं, आधीचं रूप आहे. 'हे हे व्हॉट कॅन आय डू' हे १९७० मध्ये 'इमिग्रंट साँग'च्या मागच्या बाजूला दडलेलं सुंदर गाणं आहे. आणि बरेच रफ मिक्स आहेत, म्हणजे दिवसाचं काम संपल्यावर घरी नेऊन ऐकण्यासाठी घाईत काढलेली प्रत. फेडर जिथे असतील तिथे, कुणी नटवलेलं नाही. आम्ही स्टुडिओवाले पुष्कळदा रफ मिक्सच जास्त ऐकतो, कारण त्यात अजून कुणी शहाणपणा केलेला नसतो. आणि ते तसं आहे हे नावातच लिहिलंय. पहिल्या 'कोडा'ने जे झाकलं, ते इथे पाटी लावून ठेवलंय.

दुसरा प्रश्न आता आला. या तबकड्यांवर 'फ्रेंड्स' आणि 'फोर हँड्स' असे दोन ट्रॅक आहेत, नावापुढे 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा' असं लिहिलेले. दुसरा म्हणजे चौथ्या अल्बममधल्या 'फोर स्टिक्स'चं रूप. १९७२ मध्ये पेज आणि प्लांट मुंबईत आले होते, बॉनम आणि जोन्सशिवाय. त्याच वर्षी कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क'मध्ये इथल्याच पोरांना बास आणि ड्रमवर घेऊन ते वाजवूनही गेले, त्या रात्रीच्या कथा मुंबईचे जुने रॉकवाले अजून रंगवून सांगतात. पण मोठं काम झालं ते स्टुडिओत. इथल्या वादकांना बसवून त्यांनी ही दोन गाणी करून पाहिली. पुढे ती टेप तशीच राहिली. चोरट्या तबकड्यांवर वर्षानुवर्षं फिरली, अधिकृतपणे यायला त्रेचाळीस वर्षं लागली.

गाण्यांची निवड हुशारीची होती. 'फ्रेंड्स'ची गिटार मुळातच वेगळ्या पद्धतीने लावलेली आहे, तारा सोडून नुसता हात फिरवला तरी षड्जाचा घुमारा राहतो, तानपुऱ्याच्या जवळ जाणारा. तिसऱ्या अल्बममध्ये त्यावरचे तंतुवाद्यांचे भाग जोन्सने लिहिले होते आणि तेही पूर्वेकडे बघतच. म्हणजे ते गाणं मुंबईला येण्याच्या वाटेवरच होतं. इथे ते सहज बसतं.

'फोर स्टिक्स'चं तसं नाही. त्यात पाचाची मोजणी आणि सहाची मोजणी आलटूनपालटून येते. मूळ गाण्यात बॉनमने दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या धरून ते वाजवलं, नाव त्यावरून. आता आपल्या वादकाला पाचाची भीती नाही, झपताल दहाचा, दोन-तीन-दोन-तीन असा तो चालतोच. सहा तर दादरा झाला. पण आपल्याकडे एकदा ताल धरला की आवर्तन फिरत राहतं आणि सगळे समेवर भेटतात. इथे चार ओळींनंतर खालची जमीनच बदलते, परत येते, पुन्हा बदलते, आणि सम म्हणावी अशी जागा कुठे ते कुणी सांगत नाही. पाश्चात्त्य पद्धतीने मोजणारा गिटारवाला आणि आवर्तनाने मोजणारा तालवाला एका खोलीत बसले की काय होतं ते मी बऱ्याच सेशनांत पाहिलंय. दोघंही बरोबर असतात आणि गाणं अडकतं. मग कुणीतरी तोंडाने बोल म्हणून दाखवतो आणि गाडी सुटते. 'फोर हँड्स' ऐकताना त्या सांध्यांवर कान ठेवा, मोजणी बदलते तिथे. सगळे एकत्र उडी मारत नाहीत, कुणी अर्ध्या श्वासाने आधी, कुणी नंतर. पक्क्या मिक्समध्ये हे राहिलं नसतं. मला ते फार आवडतं.

कल्पना पेज-प्लांटच्या डोक्यातून गेली नाही हेही सांगायला हवं. १९९४ च्या 'नो क्वार्टर'मध्ये दोघांनी हीच दोन गाणी पुन्हा घेतली, इजिप्शियन वादक आणि तंतुवाद्यांचा ताफा घेऊन. तिथे सगळं पक्कं आहे, भारी वाजलंय. तरी मी मुंबईचंच काढून ऐकतो.

तर खरेदीचं. जुनी एकट्या तबकडीची एलपी कुठे स्वस्तात मिळाली तर 'पूअर टॉम' आणि 'वेअरिंग अँड टेअरिंग'साठी घ्या, चढ्या भावाला घेऊ नका. पैसे मोजायचेच असतील तर २०१५ ची तीन तबकड्यांची आवृत्ती घ्या. आधी जोडतबकड्या ऐका, मूळ आठ गाणी शेवटी. त्याआधी डीव्हीडीवरचं अल्बर्ट हॉल बघितलंत तर 'कोडा'चं पहिलं गाणं लागताच नवी गिटार कुठे बसवलीये ते तुम्हालाच ऐकू येईल. मुंबईचे ट्रॅक मात्र फोनच्या स्पीकरवर लावू नका, खालचा ताल त्यात पार बुडतो.